रक्ताची साक्ष : हंगेरीच्या पराभूत उठावाचे स्मरण



यशस्वी क्रांतीचे स्मरण ठेवणे सोपे असते. तिच्या नावाने सुट्टी मिळते, चौकात पुतळा उभा राहतो, शाळेच्या पुस्तकात धडा येतो. परंतु जो उठाव चिरडला गेला, आणि ज्याला चिरडणाऱ्यांचेच राज्य पुढे तीस वर्षांहून अधिक काळ टिकले, त्याची आठवण लोकांनी कोठे जपावी? हंगेरीच्या इतिहासाने याचे उत्तर दिले आहे ते असे : मृतांच्या थडग्यापाशी. आज मी तेवढीच एक गोष्ट आपणांपुढे मांडणार आहे.

हुतात्म्याला हंगेरियन भाषेत ‘वेर्तानू’ म्हणतात. ‘वेर’ म्हणजे रक्त आणि ‘तानू’ म्हणजे साक्षीदार. आपल्या शब्दात आहुतीची कल्पना आहे, त्यांच्या शब्दात साक्षीची. मारला गेलेला माणूस हा त्यांच्या दृष्टीने खटल्यातला असा साक्षीदार, की ज्याची जबानी अजून संपलेली नाही.

याची सुरुवात १८४८ मध्ये झाली. त्या वर्षी १५ मार्चला शांदोर पेतोफी या पंचविशीतल्या कवीने आणि त्याच्या मित्रांनी पेश्त शहरात ऑस्ट्रियाच्या सत्तेविरुद्ध चळवळीचा वणवा पेटविला. पुढच्या वर्षी ऑस्ट्रियाच्या सम्राटाने रशियाच्या झारची फौज मदतीला बोलावली आणि हंगेरीचा पाडाव झाला. पेतोफी ३१ जुलै १८४९ रोजी रणांगणावर नाहीसा झाला. त्याचा देह हाती लागला नाही. ६ ऑक्टोबरला आराद येथे तेरा सेनानींना मृत्युदंड दिला गेला. तेव्हा ऑस्ट्रियन अधिकाऱ्यांनी बिअरचे पेले एकमेकांवर आपटून आनंद साजरा केला, अशी आख्यायिका आहे. म्हणून हंगेरीत बिअरचे पेले आपटायचे नाहीत, असा रिवाज पडला. आख्यायिका खरी असो वा नसो, रिवाज मात्र खरा आहे. सभाबंदी करता येते. पेला न आपटणाऱ्या हाताला सरकार काय करणार?

आता एकदम १९५६ कडे येऊ, कारण त्या सालातले लोक मनाने १८४८ शी जोडलेलेच होते. लास्लो रायक हे कम्युनिस्ट राजवटीचे माजी गृहमंत्री. १९४९ मध्ये त्यांच्याच पक्षाने बनावट खटला चालवून त्यांना फाशी दिले होते. स्टालिनच्या मृत्यूनंतर वारे फिरले. रायक यांच्या पत्नी यूलिया यांनी पतीच्या सन्मान्य दफनाचा आग्रह धरला आणि अखेर सरकार नमले. दफनाचा दिवस ठरला ६ ऑक्टोबर, म्हणजे आरादच्या हुतात्म्यांचाच! बुडापेस्टच्या स्मशानभूमीत प्रचंड जनसमुदाय लोटला. माणसांनी एकमेकांकडे पाहिले आणि आपण एकटे नाही, हे त्यांना उमगले.

त्यानंतर सतराव्या दिवशी, २३ ऑक्टोबरला, विद्यार्थी निघाले ते पेतोफीच्या पुतळ्यापासून, आणि नदी ओलांडून गेले ते सेनापती बेम यांच्या पुतळ्याकडे. बेम हे १८४८-४९ च्या युद्धात हंगेरीसाठी लढलेले पोलिश सेनानी; पोलंडमधील चळवळीला पाठिंबा देण्यासाठी याहून योग्य जागा कोणती? त्याच रात्री स्टालिनचा पुतळा कोसळला आणि आकाशवाणीच्या इमारतीपाशी गोळीबार झाला. झेंड्याच्या मधले राजवटीचे चिन्ह लोकांनी कापून काढले. मधोमध भोक असलेला तो झेंडा हेच उठावाचे निशाण ठरले. इम्रे नॉज पंतप्रधान झाले. ते आयुष्यभराचे कम्युनिस्ट. पण १ नोव्हेंबरला त्यांनी वॉर्सा करारातून बाहेर पडण्याची आणि तटस्थतेची घोषणा केली. ४ नोव्हेंबरच्या पहाटे सोव्हिएट रणगाडे राजधानीत घुसले. सुमारे अडीच हजार हंगेरियन मारले गेले आणि दोन लाखांच्या आसपास माणसांनी देश सोडला. या उठावात सारेच उज्ज्वल होते असे नाही. ३० ऑक्टोबरला जमावाने पक्षकचेरीपाशी माणसांना ठेचून मारले. साक्ष घ्यायची तर तीही घेतली पाहिजे.

या प्रसंगी आपल्या देशाची भूमिका काय होती? सोव्हिएट फौजा काढून घ्याव्यात आणि संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका व्हाव्यात, अशा ठरावाविरुद्ध ९ नोव्हेंबरला भारताने मत दिले. परदेशी देखरेखीखालच्या निवडणुकांना आपला आक्षेप होता. पण जयप्रकाश नारायण यांनी या भूमिकेवर उघड टीका केली. गंमत अशी, की त्याच सुमारास इश्त्वान बिबो या विचारवंत मंत्र्याने तडजोडीचा मसुदा लिहिला आणि तो आर्पाद ग्योन्त्स यांनी बुडापेस्टमधील भारतीय वकिलातीपर्यंत पोहोचविला. दोघांनाही जन्मठेप झाली. ग्योन्त्स तुरुंगात इंग्रजी शिकले, नामवंत अनुवादक झाले आणि १९९० मध्ये हंगेरीचे राष्ट्राध्यक्षही!

नॉज यांना १६ जून १९५८ रोजी फाशी दिले गेले. पुढे त्यांचा देह राजधानीच्या कडेच्या स्मशानातील ३०१ क्रमांकाच्या भागात पालथा पुरला गेला. दप्तरात एका स्त्रीचे खोटे नाव लिहिले गेले. ज्या सरकारजवळ रणगाडे होते, त्याला एका थडग्यावरच्या नावाची इतकी भीती वाटावी! उठावाला ‘प्रतिक्रांती’ म्हणावे, हा यानोश कादार यांच्या राजवटीचा दंडक होता. साहित्यिक आडवाटेने बोलत राहिले. तिबोर देरी यांना नऊ वर्षांची शिक्षा झाली, ते १९६० मध्ये सुटले; त्यांच्या कथांवरून कारोय मॉक यांनी १९७१ मध्ये ‘प्रेम’ नावाचा चित्रपट काढला. त्यात उठाव नाही. मुलगा अमेरिकेत आहे असे समजून बसलेली म्हातारी आई आहे, आणि मुलगा राजबंदी आहे. प्रेक्षकांना काय समजायचे ते समजले.

मग १९८९ साल उजाडले. १६ जूनला बुडापेस्टच्या वीर चौकात सहा शवपेट्या मांडल्या गेल्या. पाच पेट्या नॉज व त्यांच्या सहकाऱ्यांच्या. सहावी रिकामी, अनाम लढवय्यांसाठी. त्या समारंभाची मांडणी करणाऱ्या वास्तुशिल्पज्ञांपैकी एकाचे नाव होते लास्लो रायक : १९५६ मध्ये ज्यांचे पुन्हा दफन झाले, त्यांचा मुलगा. ६ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने नॉज यांना निर्दोष ठरविले. त्याच दिवशी कादार वारले. २३ ऑक्टोबरला प्रजासत्ताकाची घोषणा झाली.

येथे थांबलो तर कथा गोड होईल, पण पुरी होणार नाही. पार्लमेंटजवळच्या चौकात १९९६ पासून पुलावर उभ्या असलेल्या नॉज यांचा पुतळा होता. २०१८ च्या डिसेंबरात तो हलविला गेला आणि पुढे दुसऱ्या चौकात बसविला गेला. ज्या चौकातून तो गेला, त्याचे नाव हुतात्मा चौक. १९८९ च्या समारंभात सोव्हिएट फौजांनी परत जावे असे बजावणारा २६ वर्षांचा तरुण, व्हिक्टर ओर्बान, तेव्हा पंतप्रधान होता. नॉज यांच्या जागी १९१९ च्या लाल दहशतीतील बळींचे जुने स्मारक पुन्हा उभारले गेले. त्या बळींनाही स्मरणाचा हक्क आहेच. पण एका मृताला जागा द्यायची तर दुसऱ्याला उठवावे लागते काय?

म्हणून मला त्या सहा पेट्यांतली रिकामी पेटी सर्वांत मोलाची वाटते. ती कोणा एका पक्षाची नाही. तिच्यावर नाव नसल्यामुळे ते कोणाला खोडताही येत नाही. सत्ता आली की आपल्या सोयीचे साक्षीदार निवडण्याचा मोह प्रत्येकाला होतो. गैरसोयीच्या साक्षीदाराचीही जबानी शेवटपर्यंत ऐकून घेणे, हे नागरिकांचे काम आहे.