समुद्रातली शेती – लेखांक ७ : मरणातून वाचलेली कालवं

१९५७ च्या वसंतात अमेरिकेच्या डेलावेअर उपसागरातल्या कालव-उत्पादकांनी तळ खरवडला, तेव्हा जाळ्यातून वर आले ते उघडे, रिकामे शिंपले. दोन वर्षांत तिथल्या लागवडीच्या पट्ट्यांतली नव्वद टक्क्यांहून अधिक कालवं मेली. मग चेसापीक उपसागराची पाळी आली. घात केला होता एका एकपेशीय परजीवीने, त्याला पुढे ‘एमएसएक्स’ म्हणू लागले. माणसाला त्याच्यापासून धोका नाही. कालवाला मात्र तो आतून पोखरतो.

उपसागराच्या काठी बायव्हाल्व्ह या गावात रटगर्स विद्यापीठाची कालव-प्रयोगशाळा होती. तिथल्या हॅरल्ड हॅस्किन यांना प्रश्न पडला तो वाचलेल्या कालवांचा. एवढ्या मोठ्या मरीतून ही तगली कशी? १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी हीच कालवं आईबाप म्हणून निवडली.

हॅचरीतली, म्हणजे बीज तयार करण्याच्या ठिकाणची, पहिली पायरी सोपी. पाणी कोमट केलं की कालवं अंडी आणि शुक्रबीजं सोडतात. एकेक मादी लाखो अंडी देते. त्यांतून निघालेल्या अळ्या दोन-तीन आठवडे सूक्ष्म शैवाल खात पोहतात आणि मग एखाद्या शिंपल्याला जन्मभरासाठी चिकटतात. हे झालं बीज.

अवघड भाग पुढे होता. एमएसएक्सची लागण एका कालवापासून दुसऱ्याला थेट होत नाही. त्याचा मधला यजमान कोण, हे आजही सापडलेलं नाही. त्यामुळे प्रयोगशाळेच्या टाकीत रोग देऊन परीक्षा घेता येत नव्हती. प्रत्येक पिढीचं बीज रोगट उपसागरातच सोडायचं, मरतील ती मरू द्यायची, उरलेल्यांपासून पुढची पिढी घ्यायची. एकेका पिढीला दोन-तीन वर्षं लागायची. कुठलाही लाभ दिसत नसताना ही माणसं वर्षानुवर्षं हे करत राहिली, याचं मोल फार मोठं आहे.

त्यातून एमएसएक्सला तोंड देणारी वाणं तयार झाली. पण १९९० मध्ये ‘डर्मो’ हा दुसरा परजीवी डेलावेअरमध्ये पसरला. एका रोगाशी झुंजणारं वाण दुसऱ्यालाही पुरून उरेल, असं नसतं. निवड पुन्हा सुरू झाली, या वेळी दोन्ही रोगांसाठी. त्याच दशकात रटगर्समध्येच स्टँडिश ॲलन आणि शिमिंग ग्वो यांनी गुणसूत्रांचे चार संच असलेली कालवं घडवली. त्यांचा साध्या कालवांशी संकर केला की तीन संचांची, जवळजवळ वांझ संतती मिळते. तिची शक्ती प्रजननात खर्च होत नाही. ती लवकर वाढते, आणि रोगाने गाठण्याआधी बाजारात जाण्याची शक्यता वाढते.

२०२४ मध्ये एमएसएक्स कॅनडाच्या प्रिन्स एडवर्ड बेटावर आढळला. डेलावेअर उपसागरातलं वाण नुसतं उचलून तिथे टाकणं शहाणपणाचं नाही. तिथल्या खाड्या हिवाळ्यात गोठतात, शिवाय जिवंत कालवांबरोबर नवे रोगही प्रवास करतात. हॅस्किन यांचीच रीत तिथल्या पाण्यात, तिथल्याच वाचलेल्या कालवांवर पहिल्यापासून राबवावी लागेल.