शाळेत एअर प्युरिफायर लावला, पण फिल्टर कोण साफ करणार? जाणून घ्या सविस्तर

वज्रेश्वरी (ता. भिवंडी) : पावसाळा संपला की या पट्ट्यातली हवा बदलते. भिवंडी-वाडा रस्त्यावर अवजड वाहनांमागे धुळीचे लोट उठतात, दिवाळीनंतर वीटभट्ट्या पेटतात आणि थंडीत हा धूर-धुरळा जमिनीलगतच रेंगाळतो. रस्त्याकडेच्या शाळेत खिडकी उघडी ठेवली तर धूळ आत येते, बंद केली तर वर्ग कोंदट होतो. त्यामुळे 'वर्गात एअर प्युरिफायर लावावा का?' हा प्रश्न आता फक्त दिल्लीपुरता राहिलेला नाही.

दिल्लीच्या सरकारी शाळांत पहिल्या टप्प्यात १० हजार वर्गांमध्ये एअर प्युरिफायर बसवण्याची घोषणा शिक्षणमंत्री आशिष सूद यांनी डिसेंबर २०२५ मध्ये केली. दक्षिण कोरियाने तर २०१९ मध्ये कायदा बदलून वर्गात अशी यंत्रे बसवणे बंधनकारक केले. मशीन विकत घेणे किंवा देणगीत मिळवणे तुलनेने सोपे असते. खरी परीक्षा सहा महिन्यांनी, फिल्टर भरल्यावर सुरू होते.

मशीनच्या आत काय असते?

साधारण तीन थर असतात. पहिला जाळीचा प्री-फिल्टर. तो केस, धागे, खडूची भुकटी असे जाड कण अडवतो. दुसरा हेपा फिल्टर. ०.३ मायक्रॉनचे कण अडवणे सर्वांत अवघड असते. अमेरिकी मानकानुसार हेपा फिल्टरने असे किमान ९९.९७ टक्के कण अडवले पाहिजेत. तिसरा थर कार्बनचा, तो वास आणि काही वायू शोषतो. वीटभट्टीच्या धुरातले बारीक कण हेपा पकडतो, पण त्याचा वास कमी करायला कार्बनच लागतो.

हेपा फिल्टर भरला म्हणजे तो धूळ सोडू लागतो, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात छिद्रे बुजल्याने मशीनमधून हवाच कमी जाते. पंखा फिरतो, दिवा हिरवा दिसतो, पण वर्गातली हवा साफ होत नाही. धोका इथेच आहे. सगळे निर्धास्त असतात आणि मुले तीच हवा श्वासात घेत राहतात.

वर्गाला केवढे मशीन लागते?

मशीनवर 'सीएडीआर' हा आकडा असतो. तासाला किती घनमीटर स्वच्छ हवा मिळते, हे तो सांगतो. २५ फूट बाय २० फूट आणि १० फूट उंचीच्या वर्गात सुमारे १४२ घनमीटर हवा असते. अमेरिकेच्या सीडीसी या आरोग्य संस्थेने २०२३ मध्ये तासाला किमान पाच वेळा हवा बदलण्याचे लक्ष्य सुचवले. म्हणजे सुमारे ७१० सीएडीआर लागतो. घरगुती ३५० सीएडीआरचे एक मशीन जेमतेम निम्मे काम करते, अशी दोन लागतात.

साफसफाई कशी करायची?

- आधी स्विच बंद करा आणि प्लग काढा. हे काम मुलांना सांगू नका.
- प्री-फिल्टर आठवड्याला व्हॅक्यूमने किंवा मऊ ब्रशने साफ करा. ब्रशने झटकायचे असेल तर वर्गाबाहेर न्या आणि मास्क लावा.
- प्री-फिल्टर धुण्याजोगा असेल तर पंधरवड्याने साध्या पाण्याने धुवा, सावलीत पूर्ण वाळवा. ओला बसवल्यास बुरशी येते.
- हेपा फिल्टर पाण्याने धुऊ नका, झटकू नका, उन्हात टाकू नका. धुतल्यावर तो स्वच्छ दिसतो, पण त्याचे तंतू खराब होतात. फक्त मशीनच्या पुस्तिकेत 'धुता येतो' असे लिहिले असेल, तरच धुवा.
- धुळीच्या सेन्सरची छोटी खिडकी दोन महिन्यांनी कोरड्या कापसाच्या काडीने पुसा. सेन्सर मळला तर आकडे चुकतात.
- जुना हेपा काढताना मास्क घाला, फिल्टर लगेच पिशवीत बांधा.

फिल्टर बदलायची वेळ कशी ओळखायची?

बहुतेक कंपन्या ६ ते १२ महिन्यांची मुदत देतात. पण अनेक मशीनमधला इशारा फक्त चाललेले तास मोजतो, धूळ मोजत नाही. रस्त्याकडेच्या शाळेत फिल्टर मुदतीआधीच भरू शकतो. साधी तपासणी अशी : नवा फिल्टर बसवल्यावर पूर्ण वेगात हवा आत जाण्याच्या जाळीवर कागदाचा कपटा धरा आणि तो किती घट्ट चिकटतो ते पाहा. दर महिन्याला हेच करा. प्री-फिल्टर साफ असूनही कागद गळून पडू लागला, तर हेपा बदला. रीसेटचे बटण नवा फिल्टर बसवल्यावरच दाबा.

पावसाळ्यात काय?

कोकणपट्ट्यातल्या पावसाळ्यात हवा धुतली जाते, खिडक्याही उघड्या असतात. मशीन बंद ठेवायचे असेल तर फिल्टर कोरडा असताना पिशवीत बांधून कोरड्या कपाटात ठेवा. दिवाळीच्या सुट्टीनंतर बुरशी किंवा कुबट वास नाही ना, हे पाहूनच सुरू करा.

मशीनने काय होत नाही?

चाळीस मुलांच्या श्वासातून साठणारा कार्बन डायऑक्साइड प्युरिफायर काढत नाही. त्यासाठी मधल्या सुट्टीत दारे-खिडक्या उघडाव्याच लागतात. मशीन कोपऱ्यात, पडद्यामागे किंवा फळ्याच्या अगदी खाली ठेवू नका, भिंतीपासून फूटभर जागा सोडा. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने फरशी पुसली तर फिल्टरही जास्त टिकतो. 'आयोनायझर'चे बटण असल्यास बंद ठेवा. त्यातून ओझोन तयार होऊ शकतो, तो फुप्फुसांना घातक आहे.

खर्च कोणाचा?

विजेचा खर्च फार नाही. ५० वॉटचे मशीन रोज सहा तास चालले, तर २५ दिवसांत साडेसात युनिट होतात. खरा भार फिल्टरचा आहे. समजा एक फिल्टर दोन हजार रुपयांना पडतो आणि वर्षाला दोन लागतात. पाच वर्गांत प्रत्येकी दोन मशीन धरली, तर वर्षाला ४० हजार रुपये झाले. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेसाठी संयुक्त अनुदान वर्षाला २५ हजार रुपये ठरवले आहे. त्यातच वीज, पाणी, दुरुस्ती, शैक्षणिक साहित्य सगळे बसवायचे असते.

त्यामुळे देणगीदाराकडून मशीन घेताना किमान तीन वर्षांचे फिल्टरही मागा. शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समिती असतेच. तिच्या बैठकीत एका व्यक्तीवर जबाबदारी द्या आणि प्रत्येक मशीनला एक कार्ड चिकटवा : प्री-फिल्टर कधी साफ केला, हेपा कधी बदलला, कोणी केले. सगळ्या वर्गांचा खर्च झेपत नसेल, तर बंद मशीन भिंतीला ठेवण्यापेक्षा रस्त्याकडच्या आणि लहान मुलांच्या वर्गांपासून सुरुवात करा. पालकांनीही पुढच्या सभेत 'मशीन आहे का?' एवढ्यावर न थांबता, 'फिल्टर शेवटचा कधी बदलला?' हे विचारावे.