काचपट्टीवर कर्करोगाचा माग

कर्करोगाच्या पेशींमधली काही प्रथिने बिघडलेली असतात, काही प्रमाणाबाहेर वाढलेली. प्रतिकारशक्ती ती परकी समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. काही रुग्णांत ही प्रतिपिंडे गाठ लक्षात येण्याआधीच रक्तात असतात. पी५३ या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे हे त्याचे ठळक उदाहरण.

प्रोटीन मायक्रोअ‍ॅरे त्यांचाच माग काढतो. छोट्या काचपट्टीवर हजारो मानवी प्रथिनांचे सूक्ष्म ठिपके ओळीने उमटवलेले असतात. त्यांवर रुग्णाचे सीरम सोडले की प्रतिपिंडे आपापल्या प्रथिनाला चिकटतात. बाकीचे धुऊन टाकून चमकणारा रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड घालतात आणि कोणता ठिपका किती उजळला, हे लेसर स्कॅनर मोजतो. आयआयटी मुंबईतील संशोधकांनी मेंदूतील ग्लायोमा गाठींचा अभ्यास याच पद्धतीने केला आहे.

याउलट, गाठीतील पेशींचा अर्कच काचेवर उमटवला, तर कोणती प्रथिने सक्रिय आहेत ते कळते. औषधाची निवड त्यावर ठरू शकते. हर-२ वाढलेल्या स्तनाच्या कर्करोगात ट्रास्टुझुमॅब देतात, ते प्रथिन पाहूनच.

आज हे तंत्र मुख्यतः संशोधनात आहे. पक्क्या निदानासाठी बहुतेकदा बायोप्सीच लागते. डॉक्टरांनी सांगितल्यास ती टाळू नका.