जुनी पटाशी भंगारात देऊ नका
गंजलेल्या जुन्या पटाशीचं पोलाद बहुतेक वेळा आतून शाबूत असतं. मूठ काढून पातं रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी तारेच्या ब्रशने घासा. मग खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच कोरडं करा आणि तेलाचा हात फिरवा.

खरं काम पुढे आहे: पाठ सपाट करणं. जाड काचेवर पॉलिश पेपर लावून घासा. टोकाजवळ खड्डे राहिले तर धार नीट लागतच नाही, आणि नेमकं हेच कंटाळवाणं काम बरेच जण टाळतात. मग उतार 25 ते 30 अंशांत दगडावर घासा. ग्राइंडर शक्यतो नकोच! पातं तापून निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरतं. मुठीला जवसाचं तेल चोळा.

माळ्यावरची हत्यारांची पेटी या रविवारी उघडाच.