अर्ध्या मिलिमीटरचा वाद

कोलोरॅडो, वायोमिंग, मॉन्टाना ही अमेरिकेतल्या रॉकी पर्वताची राज्यं. तिथे एल्कच्या शिकारीचा हंगाम शरदात येतो आणि बघता बघता संपतो. शिकाऱ्यांचा वाद मात्र बाराही महिने चालतो. एल्क हे आपल्या सांबराच्या कुळातलं थोराड हरीण. पूर्ण वाढलेला नर तीनशे किलोंच्या पुढे जातो. एवढ्या जनावरासाठी ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम घ्यावं की .३०० विंचेस्टर मॅग्नम, हा तो वाद. दोन्ही काडतुसं एकाच घराण्यातली, जन्मात जेमतेम वर्षाचं अंतर. एकाची गोळी ७.२ मिलिमीटर व्यासाची, दुसऱ्याची ७.८. म्हणजे फरक अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जास्त.

या दोघांतलं कोणतं घ्यावं, असं विचारण्याआधी इतकी सारखी दोन काडतुसं बाजारात आलीच कशाला, हे विचारायला हवं. कारण अशी जुळी जनावरांच्या गरजेतून सहसा जन्मत नाहीत. त्यांना जन्म देतात कायदा, कारखाना आणि दुकान.

साहेबाच्या काळातली जुळी

याचा एक जुना दाखला आपल्याच देशाशी जोडलेला आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हत्ती, गवा अशा मोठ्या जनावरांसाठी .४५० नायट्रो एक्सप्रेस हे मातब्बर काडतूस होतं. पण मार्टिनी-हेन्री ही फौजेची जुनी रायफलही .४५० व्यासाचीच. तशा रायफली बंडखोरांच्या हाती पडलेल्या होत्या. शिकारी काडतुसातली गोळी काढून ती त्यांत वापरली जाईल, या धास्तीनं ब्रिटिश सरकारनं १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदानमध्ये .४५० वर बंदी घातली.

लंडनच्या कारखानदारांनी व्यास थोडासा वाढवून वाट काढली. .४६५, .४७०, .४७५ अशी भावंडं बाजारात आली. होलंड अँड होलंडचं .४६५ हे काडतूस ४८० ग्रेनची गोळी सेकंदाला सुमारे २१५० फूट वेगानं फेकतं; .४७० तेवढ्याच वेगानं ५०० ग्रेनची. (साडेपंधरा ग्रेन म्हणजे साधारण एक ग्रॅम.) गव्याला हा फरक कळण्याचं कारण नव्हतं. कस्टमच्या कारकुनाला कळत होता आणि धंद्याला तेवढं पुरेसं होतं.

पितळी पट्ट्याचं घराणं

आपल्या दोन अमेरिकी काडतुसांचं मूळही होलंड अँड होलंडकडेच जातं. १९१२ साली या कंपनीनं .३७५ मॅग्नम काढलं. तेव्हाची दारू म्हणजे कॉर्डाइट, शेवयांसारख्या लांब काड्यांची. त्यामुळे काडतुसाची पुंगळी निमुळती आणि खांद्याला, म्हणजे मानेकडे बारीक होते तिथे, उतरती ठेवलेली होती. अशा पुंगळीला चेंबरमध्ये घट्ट टेकायला जागा सापडत नाही, म्हणून बुडाशी पितळेचा जाड पट्टा ठेवला. पट्टा चेंबरच्या काठावर अडतो आणि काडतूस हवं तिथेच थांबतं. १९२५ साली त्याच पुंगळीची मान बारीक करून .३०० एच अँड एच आलं. १९३५ मध्ये ओहायोतल्या कॅम्प पेरी इथे बेन कम्फर्ट यांनी या काडतुसाच्या जोरावर हजार यार्डांची विंबल्डन कप स्पर्धा जिंकली आणि अमेरिकेत त्याचं नाव झालं.

अडचण होती लांबीची. हे काडतूस ९१ मिलिमीटरचं. अमेरिकेतल्या बहुतेक शिकारी रायफली .३०-०६ साठी बनलेल्या, आणि ते ८५ मिलिमीटरच्या आत बसणारं. विंचेस्टरनं पट्ट्याची पुंगळी आखूड केली आणि १९५६ ला .४५८, तर १९५८ ला .३३८ आणि .२६४ बाजारात आणली. यांतल्या .२६४ ची दारू भरपूर आणि नळी अरुंद, त्यामुळे ते नळी लवकर झिजवतं, अशी त्याची कीर्ती झाली. ती फट रेमिंग्टननं हेरली. १९६२ मध्ये मॉडेल ७०० ही नवी रायफल आणि ७ एमएम रेमिंग्टन मॅग्नम अशी जोडीच त्यांनी उतरवली. .२६४ मागे पडलं. पुढच्याच वर्षी विंचेस्टरनं .३०० विंचेस्टर मॅग्नम काढून उत्तर दिलं.

तोवर कॉर्डाइट मागे पडलं होतं आणि पुंगळीचा खांदाही चांगला उभा झाला होता. काडतूस खांद्यावर टेकवता आलं असतं. तरी पट्टा राहिला, कारण गिऱ्हाइकाच्या मनात पट्टा आणि जोर यांची गाठ बसली होती.

.३०० विंचेस्टरमध्ये आणखी एक तडजोड आहे. एकूण लांबी .३०-०६ एवढीच ठेवून दारूला जागा वाढवायची, तर खांदा पुढे सरकवावा लागतो आणि मान आखूड होते. ती जेमतेम ६.७ मिलिमीटर उरली, गोळीच्या व्यासाहूनही कमी. जाणकार त्यावर अजून नाकं मुरडतात. पण अमेरिकी लष्करानं आपली एम २४ ही नेमबाजांची रायफल नव्यानं बांधून एक्सएम २०१० केली, तेव्हा निवडलं ते हेच काडतूस.

आकडे काय सांगतात

७ एमएममध्ये एल्कसाठी १६० ग्रेनची गोळी चालते. नळीतून निघताना तिचा वेग सेकंदाला साधारण २९५० फूट, ऊर्जा सुमारे ३१०० फूट-पौंड. .३०० मध्ये १८० ग्रेनची गोळी जवळपास तेवढ्याच वेगानं जाते, ऊर्जा सुमारे ३५०० फूट-पौंड. तेरा टक्के जास्त. पण ७ एमएमची गोळी बारीक आणि लांबट, त्यामुळे जाडीच्या मानानं तिचं वजन किंचित जास्तच भरतं. ती हवा कापण्यात आणि आत शिरण्यात मागे राहत नाही.

दोन्ही रायफली २०० यार्डांवर नेम बसवून घेतल्या, तर ३०० यार्डांवर दोन्हींची गोळी सहा-सात इंच खाली येते. ४०० यार्ड जायला दोघींनाही अर्धा सेकंद लागतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असला तर तेवढ्या अंतरात दोघीही फूटभर सरकतात. एकमेकींतला फरक इंचा-दीड इंचाचा. एल्कचं हृदय आणि फुप्फुसं मावतील ती जागा फूटभराहून मोठी. वारा ओळखण्यात झालेली चूक या फरकाला सहज गिळून टाकते.

कोलोरॅडोच्या नियमानुसार एल्कसाठी १०० यार्डांवर गोळीत किमान १००० फूट-पौंड ऊर्जा हवी. दोन्ही काडतुसं त्या अंतरावर याच्या अडीचपट ते तिप्पट ऊर्जा बाळगून असतात.

खांद्याचा हिशेब

खरा फरक रायफलीच्या मागच्या टोकाला आहे. .३०० मध्ये दारू जास्त आणि गोळीही जड. सारख्या वजनाच्या रायफलीत त्याचा मागचा धक्का ७ एमएमपेक्षा पाव ते एक तृतीयांश जास्त बसतो. दोन-चार बार झाले की शरीर शहाणं होतं आणि चाप ओढताना अंग चोरायला लागतं. डोळे मिटतात, नळी हलते, गोळी पोटात जाते आणि जखमी जनावर दरीत उतरतं. तेरा टक्के जादा ऊर्जा तिथे कामाची नसते.

अलास्काचं वन्यप्राणी खातंही शिकाऱ्यांना हेच बजावतं. नेमापुरती चारदोन काडतुसं उडवलेली नवीकोरी मॅग्नम घेऊन येणाऱ्यापेक्षा हातात बसलेली .२७० किंवा .३०-०६ घेऊन येणारा पाहुणा तिथल्या अनुभवी वाटाड्यांना बरा वाटतो. तिथे तपकिरी अस्वलं असतात, हे ध्यानात घेतलं की या सल्ल्याचं वजन कळतं.

शेवटी काम गोळीचं

१९४६ साली जॉन नोस्लर ब्रिटिश कोलंबियात मूस या थोराड हरणाच्या शिकारीला गेले, हाती .३०० एच अँड एच. चिखल वाळलेल्या जाड कातड्यावर त्यांच्या वेगवान गोळ्या वरच्यावर फुटल्या. काडतुसात जोर भरपूर होता, गोळी कच्ची होती. त्यांनी मधोमध तांब्याचा आडपडदा असलेली गोळी घडवली; पुढचा भाग फुलतो, मागचा शाबूत राहून आत शिरतो. ती पार्टिशन गोळी आजही विकली जाते. पुढे संपूर्ण तांब्याच्या गोळ्या आल्या. शिशाच्या तुकड्यांनी कॉन्डॉर गिधाडं विषबाधेनं मरत होती, म्हणून कॅलिफोर्नियानं १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद केली. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. लांब गोळीला नळीतल्या आट्यांचा पीळ जास्त लागतो, आणि तो ७ एमएमच्या जुन्या रायफलींत नऊ-साडेनऊ इंचांना एक फेरा एवढाच आहे. फार लांब गोळ्या तिथे डळमळतात. तांब्याच्या जड गोळ्या वापरायच्या असतील, तर रायफल घेताना पट्ट्याआधी हा पीळ तपासावा.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीला कोणतं काडतूस घ्यावं हा प्रश्नच उरला नाही. अमेरिकेत १९३७ च्या कायद्यानुसार रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. म्हणजे या वादात कोणीही जिंको, एल्कच्या कुरणाला वाटा मिळतो.

निवड करायचीच तर ती अशी. हरीण आणि एल्क एवढाच बेत असेल, रायफल हलकी असेल किंवा धक्क्याची सवय नसेल, तर ७ एमएम. मूस किंवा मोठं अस्वलही डोळ्यांपुढे असेल, २०० ग्रेनची गोळी वापरायची असेल आणि खांदा तयार असेल, तर .३००. यांतलं एक घरात आधीच असेल, तर दुसरं घेण्याला काहीही कारण नाही. कारखाने मात्र थांबणार नाहीत. हॉर्नडीनं २०१८ मध्ये .३०० पीआरसी आणि २०२२ मध्ये ७ एमएम पीआरसी आणून तीच जोडी पट्टा काढून पुन्हा मांडली आहे. नव्या रायफलीसाठी बाजूला काढलेल्या पैशांतले निम्मे काडतुसांवर घालून उन्हाळाभर बसून, गुडघ्यावर टेकून, वाऱ्यात सराव करणारा शिकारी या चौघांपैकी कोणतंही काडतूस डोळे मिटून उचलू शकतो. चाप ओढताना मात्र त्याचे डोळे उघडे राहतील.