२,४९९ की २,५००?

काट्यावर २,४९९ ग्रॅम भरलेल्या नवजात बाळाच्या कागदावर ‘कमी वजन’ असा शेरा पडतो. २,५०० भरलेल्या बाळाच्या कागदावर पडत नाही. एका ग्रॅमनं बाळाच्या प्रकृतीत काहीच बदलत नाही. एकदा शू झाली तरी वजन त्याहून जास्त उतरतं. पण रुग्णालयाच्या नोंदींमध्ये रेघ नेमकी तिथेच आहे.

ही रेघ ‘आयसीडी’मधली, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणातली. त्याच्या दहाव्या आवृत्तीत ‘पी ०७’ हा गट अशा बाळांसाठी राखलेला आहे. ९९९ ग्रॅमपर्यंत पी ०७.०, एक हजार ते २,४९९ ग्रॅमपर्यंत पी ०७.१. दिवसांचा हिशेब वेगळा: २८ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ पी ०७.२ मध्ये, त्यानंतर पण ३७ आठवड्यांच्या आत जन्मलेलं पी ०७.३ मध्ये. वजन आणि आठवडे दोन्ही माहीत असतील, तर वजनाला अग्रक्रम द्यावा अशी सूचना आहे. अमेरिकी आवृत्तीत दोन्ही कोड लावतात, पण तिथेही वजनाचा आधी. हा मान समजण्यासारखा आहे. वजन काटा सांगतो. दिवस मोजायचे तर शेवटच्या पाळीची तारीख आठवावी लागते, नाहीतर सुरुवातीच्या महिन्यांतली सोनोग्राफी हाताशी असावी लागते.

अडीच किलोचा आकडा आला फिनलंडचे बालरोगतज्ज्ञ आर्वो युल्प्यो यांच्याकडून, १९१९च्या सुमारास. १९४८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो उचलला आणि अडीच किलो किंवा त्याहून कमी वजनाचं प्रत्येक बाळ ‘मुदतपूर्व’ ठरवून टाकलं. यात मोठी गफलत होती. नऊ महिने पूर्ण करूनही बारीक राहिलेलं बाळ आणि आठव्या महिन्यात घाईनं आलेलं बाळ एकाच खान्यात जाऊन पडत होती. १९६१मध्ये संघटनेच्या तज्ज्ञ समितीनं ‘कमी जन्मवजन’ आणि ‘मुदतपूर्व’ या दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पुढे १९६३मध्ये डेन्व्हरच्या डॉ. लुला लुब्चेन्को यांनी कितव्या आठवड्यात जन्मलेल्या बाळाचं वजन किती असतं याचे आलेख छापले, तेव्हा हा फरक वॉर्डातल्या डॉक्टरांच्या हाती आला.

फरक नुसता कागदावरचा नाही. समजा, दोन बाळं प्रत्येकी १,९०० ग्रॅमची आहेत. पहिलं ३२ आठवड्यांचं. त्याची फुप्फुसं तयार नसतात, श्वास मध्येच थांबतो, चोखण्या-गिळण्याचा मेळ बसलेला नसतो. दुसरं ३९ आठवड्यांचं. त्याची फुप्फुसं सहसा तयार असतात, पण पोटात असताना पोषण कमी पडल्यानं साखर झपाट्यानं खाली जाण्याची भीती असते. पहिल्याचा कोड पी ०७ मध्ये. दुसऱ्याचा पी ०५ मध्ये, म्हणजे गर्भातली वाढ खुंटलेल्या बाळांच्या गटात. दोघांना मिळून नुसतं ‘एलबीडब्ल्यू’, म्हणजे ‘कमी जन्मवजन’, लिहिलं, तर केसपेपर वाचणाऱ्याला अर्धीच गोष्ट कळते.

एका देशातली रेघ दुसऱ्या देशात चालेलच असं नाही. अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या डोळ्यांतल्या पडद्याला जो विकार होतो, त्याची तपासणी अमेरिकेत साधारण दीड किलोपर्यंतच्या बाळांसाठी सांगितलेली आहे. भारतात त्याहून वजनदार बाळांनाही हा विकार होताना दिसतो, म्हणून इथली मर्यादा दोन किलोची आहे. आणि पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी तर वजनाच्या आकड्यालाच प्रश्न विचारायला लावला. पुण्याजवळच्या खेड्यांमध्ये त्यांनी पूर्ण दिवसांच्या बाळांची मापं घेतली आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांशी ताडून पाहिली. सरासरी वजन इथे सुमारे २.७ किलो, तिथे ३.५ किलो. पण २००३मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षांतली खरी बातमी पुढे होती: इथल्या बाळांचे स्नायू आणि पोटातले अवयव लहान, चरबी मात्र त्या मानानं राखलेली. पुढच्या आयुष्यातल्या मधुमेहाचा धागा संशोधकांनी इथवर मागे नेला. ग्रॅम मोजणाऱ्या कोडमध्ये यातलं काहीच दिसत नाही.

कोडला पैसे जोडले की गोष्ट आणखी वळण घेते. जर्मनीत २००३पासून रुग्णालयांना निदानगटानुसार ठरावीक रक्कम मिळू लागली आणि नवजात बाळांच्या बाबतीत वजनाचे टप्पे त्या रकमेशी बांधले गेले. पुढे हेंड्रिक युर्गेस आणि युलियाने क्योबरलाइन या अर्थतज्ज्ञांनी देशातल्या जन्मनोंदी चाळल्या. टप्प्याच्या किंचित खाली वजन नोंदलेली बाळं अपेक्षेपेक्षा फार जास्त निघाली आणि टप्प्याच्या किंचित वर कमी. निसर्ग असं करत नाही, नोंदवही करते.

अमेरिकेत उलट दिशेनं शोध झाला. १,५०० ग्रॅमच्या जरा खाली असलेल्या बाळांना ‘अतिकमी वजन’ ठरल्यामुळे जास्त उपचार मिळतात, आणि जरा वर असलेल्या, म्हणजे खरं तर थोड्या दणकट बाळांपेक्षा त्यांचे मृत्यू कमी होतात, असं २०१०च्या एका अभ्यासानं मांडलं. वर्षभरातच दुसऱ्या गटानं आक्षेप घेतला: नेमक्या १,५०० ग्रॅमवर नोंदींचा ढीग साचलेला आहे, तो वगळला की परिणाम बराच ओसरतो.

असा ढीग भारतात २.५ आणि ३ किलोवर साचतो, कारण वजन गोल आकड्यात सांगण्याची आणि लिहिण्याची सवय. १९७६मध्ये व्याख्या ‘२,५०० किंवा कमी’वरून ‘२,५००पेक्षा कमी’ झाली, तेव्हा त्या आकड्यावरची सगळी बाळं एका दमात ‘नॉर्मल’ बाजूला गेली. सर्वेक्षणांमधली ही चूक भरून काढायला युनिसेफनं अनेक वर्षं एक ढोबळ उपाय वापरला: बरोबर २,५०० नोंदवलेल्या बाळांपैकी पाव हिस्सा कमी वजनाच्या बाळांमध्ये मिळवायचा. २०२०साठीचा जागतिक अंदाज, १ कोटी ९८ लाख बाळांचा, म्हणजे एकूण जन्मांच्या १४.७ टक्क्यांचा, काढतानाही या ढिगासाठी दुरुस्ती करावी लागली.