चित्रकथाप्रेमींची जत्रा

अमेरिकेंतील सॅन डिएगो शहरीं १९७० च्या ऑगस्टांत चित्रकथांच्या सुमारें ३०० शौकिनांनीं एका हॉटेलांत मेळावा भरविला. चित्रकार जॅक कर्बी व लेखक रे ब्रॅडबरी हे पाहुणे होते. आज त्याच ‘कॉमिक-कॉन’ला सव्वा लाखाहून अधिक माणसें लोटतात.

नव्या चित्रपटांची झलक व नटनटींचें दर्शन घडतें तें ‘हॉल एच’ या दालनांत. आसनें सुमारें ६,५००! त्यांसाठीं लोक उघड्यावर रात्र काढतात. परंतु एक कार्यक्रम संपला तरी दालन रिकामें करीत नाहींत. सकाळीं आंत शिरलेला मनुष्य संध्याकाळपर्यंत बसूं शकतो, आणि बाहेरची रांग जागच्या जागीं खिळते. कित्येक जागरण करूनहि विन्मुख परततात.

मुरलेले शौकीन अशा वेळीं चित्रकारांच्या गल्लीकडे वळतात. तेथें मेजापलीकडे चित्रकार स्वतः बसलेला असतो. पैसे घेऊन डोळ्यांदेखत चित्र काढतो, आणि काढतां काढतां बोलतोहि.